शेखावाटींतील रंगीत भिंती

प्रवासाहून परत आलेला मनुष्य बहुधा आपण किती पाहिलें हें सांगतो. मला आज आम्हीं किती थोडें पाहिलें हें सांगावयाचें आहे. राजस्थानांत अठरा दिवस काढून आम्ही परत आलों; पण जयपूरचा हवामहाल पाहिला नाहीं, उदेपूरचीं सरोवरें पाहिलीं नाहींत, आणि जैसलमेरच्या वाळूंत उंटावरही बसलों नाहीं. शेजारच्या मंडळींनीं हें ऐकून आमची चक्क कींव केली. या संथपणाच्या मुळाशीं कांहीं तत्त्वज्ञान होतें असें मात्र समजूं नका. आमच्या सौभाग्यवतींचा गुडघा दुखत होता. दिवसाला एक गांव, आणि तेंही अर्धेंच, एवढीच त्या गुडघ्याची परवानगी होती. पुढें तो बरा झाला, तरी आम्हीं वेग वाढविला नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

जोधपूरहून बिकानेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागौर लागतें. तेथें आम्ही उतरलों तें एका मराठी कारणासाठीं. १७५४ सालीं जयाप्पा शिंदे यांनीं नागौरला वेढा घातला होता. जोधपूरचा विजयसिंह आंत कोंडला गेला होता. १७५५ च्या जुलै महिन्यांत छावणींतच दगा होऊन जयाप्पांचा खून झाला. धाकट्या दत्ताजींनीं वेढा उठविला नाहीं. शहराजवळ ताऊसर येथें जयाप्पांची छत्री आहे. पानिपताची गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक असते. तिच्या सहाच वर्षें आधींची ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते, कोण जाणे. आम्हांला घेऊन गेलेल्या रिक्षावाल्यानें विचारलें, “हे कोण होते?” मीं म्हटलें, “आमच्याकडचे होते.” तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मग इतक्या लांब कशाला आले होते?” मारवाडच्या गादीचा तंटा, खंडणी, चौथाई, असें बरेंच कांहीं माझ्या मनांत आलें, परंतु त्या उन्हांत, त्या माणसाला, त्याच्याच गांवांत उभें राहून तें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. नागौरचा किल्ला मात्र उत्तम जपला आहे. त्याच्या दुरुस्तीला २००२ सालीं युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. जपलेली वस्तु पाहून समाधान वाटतें, पण तिच्याविषयीं सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं.

म्हणून मी आपणांस तडक शेखावाटींत नेतों. पंधराव्या शतकांत राव शेखा नांवाचा एक कच्छवाह राजपूत होऊन गेला. त्याच्या वंशजांचा मुलूख ती शेखावाटी. आजचे झुनझुनू आणि सीकर हे जिल्हे, आणि त्यांना लागून असलेलें, पूर्वीं बिकानेर संस्थानांत मोडणारें चुरू, एवढा हा टापू. येथें जावयाचें तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच. चुरूला १ जून २०१९ रोजीं पारा ५०.८ अंशांवर चढला होता, आणि हिंवाळ्यांत कधीं कधीं तो शून्याखालींही उतरतो. अशा या भूमींत पूर्वीं बाजरी, मूग, मोठ यांवांचून फारसें पिकत नसे. पण ज्या भूमींत पिकत नाहीं तेथील माणसाला हिशेब चांगला येतो. सिंध व गुजरातेकडून दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे याच वाटेनें जात. त्यांच्यावर माल भरणारे, त्यांना पैसा पुरविणारे, हुंड्या लिहिणारे वाणी या गांवांत नांदले. चुरूच्या ठाकुरानें लोकरीवरील जकात वाढविली म्हणून पोद्दार घराणें रुसून उठलें आणि जवळच सीकरच्या हद्दींत त्यांनीं १७९१ च्या सुमारास रामगड वसविलें. कर वाढला म्हणून तक्रार करणारे व्यापारी आपण पुष्कळ पाहतों. कर वाढला म्हणून नवें शहर उभारणारे विरळा.

पुढें कलकत्ता आणि मुंबई हीं बंदरें भरभराटीस आलीं, आगगाडी आली, आणि उंटांचे तांडे बसले. माणसेंही मग बंदरांकडे गेलीं. विदर्भाशींही त्यांचा संबंध जुना आहे: जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ सालीं सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यांतला, आणि ते वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरीं दत्तक आले. माणसें गेलीं तरी पैसा मात्र गांवीं परत येत राहिला, आणि तो भिंतींवर चढला. हवेली, मंदिर, धर्मशाळा, विहीर, छत्री, जें जें बांधलें तें तें रंगविलें. विहिरींना चार कोपऱ्यांवर चार मिनार बांधीत, म्हणजे सपाट वाळूंतून येणाऱ्या वाटसरूला पाणी कोठें आहे तें दुरूनच दिसे.

या ध्वनिक्षेपकावरून आपणांस रंग दाखवितां येत नाहींत, याचें मला फार वाईट वाटतें. निदान ते कसे बसवीत तें सांगतों. भिंत बांधणारा गवंडी आणि चित्र काढणारा चितारी हा बहुधा एकच असे. त्याला तिकडे चेजारा म्हणतात. चुन्याच्या गिलाव्याचे थरावर थर देऊन शेवटला थर अगदीं बारीक चुन्याचा द्यावयाचा, आणि तो ओला आहे तोंच त्यावर रंग भरावयाचे. चुना सुकतांना रंगाला आपल्या पोटांत घेतो. मग गुळगुळीत गोट्यानें घोटून त्याला आरशासारखी झिलई आणीत. गेरू, नीळ, काजळी, पिवळी माती, हिरवी माती एवढ्यावर पूर्वींचीं चित्रें झालेलीं आहेत. १८६० नंतर जर्मनींतले रासायनिक रंग आले, आणि तेथून भिंती निळ्याभोर व लालभडक दिसूं लागतात. वर्ष न लिहिलेली भिंतही तिच्या निळ्या रंगावरून ढोबळमानानें ओळखतां येते. दोन दिवसांत सौभाग्यवती या विद्येंत माझ्यापुढें गेल्या.

चित्रांचे विषय पाहावे तर एका कमानीवर रासलीला, तिच्या शेजारीं आगगाडी. चेजाऱ्यानें गाडी बहुधा पाहिलेली नसावी, कारण ती रुळांवर उभ्या केलेल्या घरांच्या रांगेसारखी दिसते. पुढें टोपीवाला साहेब, शिवणयंत्र, फोनोग्राफ, आणि मोटारींत बसलेले राधाकृष्ण! रामगडला रामगोपाल पोद्दार यांची छत्री आहे. तिच्या घुमटांत रामकथा रंगविली आहे, आणि ती पाहावयाची तर फरशीवर उताणें निजावें लागतें. आम्ही तासभर निजलों. तेवढ्यांत पर्यटकांच्या दोन मोटारी आल्या, छायाचित्रें घेतलीं आणि गेल्या. त्यांना दोष देत नाहीं. सायंकाळीं मंडाव्याला पोंचण्याचें त्यांचें ठरलेलें असावें.

याच गांवांत आमचा प्रवास खरा थांबला. एका हवेलीच्या देवडींत म्हातारा चौकीदार बाजरी निवडीत बसला होता. राम-राम झाला. आम्ही कोठेंच जावयाच्या घाईंत नाहीं हें पाहून त्यानें बसावयास खाट दिली, राबडी पाजली, आणि मुंबईचे म्हटल्यावर कमरेची किल्ली काढली. आपल्या वाड्यांसारखेच दोन चौक: बाहेरचा पुरुषांचा, आंतला बायकांचा. आंतल्या चौकावरच्या माडींत एक खोली आहे. तिच्या छताखालीं चहूं भिंतींवर लग्नाची वरात काढली आहे: हत्ती, उंट, मेणे, वाजंत्री. वरात तीन भिंती चालते आणि चौथ्या भिंतीवर एकाएकीं थांबते; तेथें नुसत्या विटा आहेत. गच्चीवरची पन्हळ फुटून तीन पावसाळे पाणी आंत मुरलें होतें.

म्हाताऱ्यानें कोपऱ्यांतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यांत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेले गिलाव्याचे तुकडे होते. प्रत्येक पुडीवर त्यानें कोळशानें खुणा केल्या होत्या. कोणता तुकडा कोठून पडला हें त्याला लिहितां येत नसल्यामुळें वीट मोजून तितक्या रेघा ओढल्या होत्या. एका पुडींत हत्तीचा डोळा, एकींत सनईवाल्याचे फुगलेले गाल. “भाईजी,” तो म्हणाला, “घराचे हिस्से चौदा. किल्ली एक. पगार कधीं कलकत्त्याहून येतो, कधीं मुंबईहून, कधीं येत नाहीं. एक ठेकेदार म्हणाला, सिमेंट मारून टाकतों. मीं त्याला वर चढूंच दिलें नाहीं.” त्याचें बरोबर होतें. चुन्याची भिंत ओल आंत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा लेप दिला कीं ओल आंतच कोंडते, क्षार फुगून येतात, आणि उरलासुरला गिलावाही सोलून पडतो. हें मी नंतर पुस्तकांत वाचलें. त्याला तें हातानें ठाऊक होतें. निघतांना त्यानें सांगितलें, “मुंबईला मालक आहेत. त्यांना एवढेंच सांगा कीं पन्हळ फुटली आहे.”

निरोप एवढा लहान होता कीं तो न पोंचविणें लाजिरवाणें झालें असतें. मुंबईस आल्यावर त्यानें दिलेल्या पत्त्यावर गेलों. पहिल्या घरीं दार उघडलें नाहीं. दुसऱ्या घरीं एका वृद्ध गृहस्थांनीं अगत्यानें बसविलें, आणि चौदा हिश्श्यांची हकीगत अशी सांगितली कीं मला त्यांचीच दया आली: एकानें खर्च करावा तर त्याचा हक्क वाढतो असा दुसऱ्याला संशय, म्हणून सारेच हात बांधून बसलेले. त्यांनीं तें घर शेवटचें पाहिलें त्याला चाळीस वर्षें झालीं होतीं. मीं टिपलेलीं छायाचित्रें त्यांची नात पाहत होती. तिनें तें घर कधींच पाहिलें नव्हतें. हत्तीच्या डोळ्याची पुडी तिनें दोनदां मागे घेऊन पाहिली आणि विचारलें, “जायला किती दिवस लागतात?” मीं सांगितलें, एक रात्र आणि एक दिवस, पण परत यायला जरा अधिक.

ती फाल्गुनांत जाऊन आली. चौदांपैकीं नऊ हिस्सेदारांकडून तिनें लेखी संमति मिळविली आहे. पांच जण अजून उत्तर देत नाहींत. तेवढ्यावर खोलीला हात लावतां येत नाहीं, परंतु गच्चीच्या पन्हळीला कोणाची हरकत निघाली नाहीं, आणि ती पावसाच्या आंत बदलून झाली. डबा आहे तसाच भरलेला आहे. गांवांत चुन्याचें काम जाणणारा एक चेजारा मिळाला. तो म्हणतो, चुना जितका अधिक मुरेल तितका चांगला. म्हणून बाहेरच्या चौकांत हौद बांधून त्यांत तो भिजत घातला आहे, आणि म्हातारा रोज सकाळीं काठीनें तो ढवळतो, असें परवांच तिच्याकडून कळलें.