आवाज मोकळा ठेवणारा संगीतकार



मी मूळची नांदेडची, संसार लातूरला झाला. आमच्या या दोन्ही शहरांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात ती डॉक्टर व्हायला. लातूर पॅटर्न तुम्हाला नवा नाही. तुमच्यापैकी काही जण त्यातूनच शिकून इथवर आले असतील. अशा गावाहून आलेली मी आज तुम्हाला डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. ती गाण्याची गोष्ट आहे आणि प्रेमाचीही.

केशवराव भोळे 1896 साली अमरावतीत जन्मले. वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईत आले आणि गाण्याने त्यांना ओढून नेलं. तो संगीत नाटकांचा बहराचा काळ होता, पण केशवरावांना जे करायचं होतं त्याला त्यात जागा नव्हती. शब्दांचा भाव सांभाळणारं, आटोपशीर गाणं त्यांना हवं होतं. नाटकातलं पद तेव्हा तासभर रंगे, वन्समोअर घेई आणि कथानक बाजूला उभं राही. केशवराव ‘एकलव्य’ या नावाने संगीतावर लिहीत, भावगीतं गात. पदवी नाही, मोठ्या कंपनीचा आधार नाही, आणि नव्या वाटेवर सोबतीलाही फारसं कुणी नाही. आजच्या आमच्या लातुरात अशा मुलाला मुलगी कोण देईल, हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे.

दुर्गा केळेकर 1914 साली गोव्यात बांदिवड्याला जन्मली. घर गाणारं, थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर नावाजलेली गायिका. दुर्गा मुंबईला बहिणीकडे आली, आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकली, आणि केशवरावांच्या भावगीतांकडे वळली. 1932 साली दोघांचं लग्न झालं आणि दुर्गाची ज्योत्स्ना भोळे झाली. ती अठरा वर्षांची, ते छत्तीस. हे अंतर मी झाकून ठेवणार नाही. गुरूच्या जागी असलेला, वयाने दुप्पट पुरुष आणि कोवळ्या वयाची शिष्या अशा जोड्यांत मुलीच्या आवाजाचं पुढे काय झालं, याचे फार दुःखद दाखले आपल्या कलाजगतात आहेत. म्हणूनच पुढे काय घडलं ते नीट बघायला हवं.

1 जुलै 1933. मुंबईच्या रिपन थिएटरात नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचं, दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकरांचं. स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. त्यांत ज्योत्स्नाबाई होत्या. संगीत केशवरावांचं. गाणी मोजकी, छोटी, प्रसंगातून उगवणारी, आणि त्यांना पार्श्वसंगीताची जोड. गळ्यात आग्र्याची तालीम असलेल्या गायिकेला ‘इथे तान नको’ असं सांगणं सोपं नसतं आणि ते ऐकणं त्याहून अवघड. मला या दोघांच्या प्रेमाचा सगळ्यात भक्कम पुरावा इथे सापडतो. ज्या कल्पनेवर तेव्हा कुणी पैसा लावला नसता, तिच्यावर एका तरुण गायिकेने आपला गळा लावला. त्या नाटकाने मराठी रंगभूमीच्या गाण्याचं वळण बदललं.

ऑपेराच्या देशात, इटलीत, अशीच एक जोडी होऊन गेली. पहिली बायको आणि दोन मुलं गमावलेला, 1840 साली एक ऑपेरा सपशेल पडलेला संगीतकार ज्युझेप्पे वेर्दी, आणि तेव्हाची नामवंत गायिका ज्युझेप्पिना स्त्रेप्पोनी. 1842 साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याच्या ‘नाबुक्को’ची नायिका ती झाली आणि त्या ऑपेराने वेर्दीचं नशीब पालटलं. तिचा आवाज मात्र अतिश्रमाने तोवर थकला होता. चारच वर्षांत ती रंगमंचावरून निवृत्त झाली. लग्न झालं 1859 साली, गावकऱ्यांची बोलणी सोसून झाल्यावर. त्याचं नाव जगभर झालं, तिचं त्याच्या चरित्रातल्या एका प्रकरणापुरतं राहिलं.

ज्योत्स्नाबाईंचं तसं झालं नाही. ‘नाबुक्को’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1942 साली, मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणलं आणि त्यातल्या ज्योत्स्नाबाईंच्या भानुमतीने महाराष्ट्र वेडा केला. ही भानुमती अभिनेत्री, आणि नाटक तिची कीर्ती आणि तिचा संसार यांच्यातल्या ओढाताणीचं. त्याचं संगीत केशवरावांचं नव्हतं, मास्तर कृष्णरावांचं होतं. बायकोचं आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं यश दुसऱ्या संगीतकाराच्या चालींतून आलं, आणि केशवरावांनी तो आवाज आपल्यापाशी अडवून धरला नाही. माझ्या लेखी त्यांच्या कुठल्याही चालीइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

त्यांचंही काम तोवर उभं राहिलं होतं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ हा त्यांच्या संगीताचा चित्रपट 1934 साली आला, ‘संत तुकाराम’ 1936 साली, ‘कुंकू’ 1937 साली. ‘कुंकू’त त्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वगळून रोजच्या जगण्यातल्या आवाजांवर भर दिला. आज ते वाचायला साधं वाटतं, त्या काळी ते मोठं धाडस होतं. ‘संत तुकाराम’मध्ये शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आणि केशवरावांच्या चालीतला एक अभंग लोकांना खुद्द तुकोबांचाच वाटला. आमच्याकडे दिंडीत चालणाऱ्या कितीतरी जणांना तो अजूनही तसाच वाटतो.

या साऱ्या काळात नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होती. लातूर तर जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं. ते व्हायला 1982 साल उजाडलं. तरी गाणं आमच्याकडे टिकलं, कारण ते शिकवणारी माणसं होती. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर होते, त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर मराठवाड्याबाहेरही नाव मिळवून गेले. या गुरुजनांकडे शिकवणीला जाणाऱ्या मुलामुलींना घरी विचारलेला प्रश्न तोच असे, जो केशवरावांना कुणी ना कुणी विचारला असणार: पोट कशावर भरणार? प्रश्न खोटा नाही. माझं म्हणणं इतकंच, की तो विचारताना घरातल्यांनी त्या मुलाचं किंवा मुलीचं गाणं एकदा पूर्ण ऐकलेलं असावं.

केशवराव 1977 साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी ज्योत्स्नाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्या 2001 साली गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं. इथल्या गणेशोत्सवात, दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यगीतं हौसेने गायली जातात. निवेदक गायिकेचं नाव सांगतो, फार तर मूळ गायिकेचंही. चाल कुणी बांधली, ते क्वचितच सांगितलं जातं. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्यापुढे संगीतकाराचं नाव छापा, आणि निदान एक गाणं केशवराव भोळ्यांचं ठेवा. ते बसवण्याचं काम मंडळातल्या तरुण मुलामुलींना द्या, मेडिकलची तयारी करणाऱ्यांनाही.