टेबल आपलं, कुलूपही आपलंच

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या मुलामुलींच्या टेबल टेनिस स्पर्धेच्या बक्षीस समारंभात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण.)



मला सांगण्यात आलं की काका, दहा मिनिटं बोला आणि जपानच्या टेबल टेनिसवर बोला. मी विचारलं, जपानच काहून? तर पोरांनी आपल्या चार संघांना देशांची नावं दिली होती. भारत, चीन, जर्मनी आणि जपान. त्यात जपान जिंकला. म्हणजे आपली बी विंग जिंकली! टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

मी काही मोठा खेळाडू नाही. माझं बालपण अकोल्याला गेलं. आमच्या वाड्यात टेबल कुठलं? दोन लाकडी पलंग जोडायचे, मधे पुस्तकांची रांग उभी करायची आणि लाकडी फळीच्या तुकड्याने चेंडू मारायचा. वैशाखात अकोल्याला दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही. पंखा लावला तर चेंडू उडून जातो, कारण त्याचं वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. म्हणून पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा आणि खेळ चालू. आपल्या वऱ्हाडात भर उन्हाळ्याच्या दुपारी पोरांना खेळता येईल असे खेळ किती आहेत, सांगा बरं?

आता जपानकडे वळू. पण जपानची ही गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत.

१९५२ सालच्या फेब्रुवारीत टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती आणि जपानचा संघही त्यात पहिल्यांदाच उतरत होता. त्या वेळचा जपान कसा होता, ते लक्षात घ्या. महायुद्ध हरलेला, शहरं जळालेली. देशावर अमेरिकी सैन्याचा ताबा अजून होता. तो उठला त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे हे खेळाडू मुंबईला आले तेव्हा त्यांचा देश पुरता स्वतंत्रही नव्हता.

त्यांच्यात हिरोजी सातो नावाचा एक गडी होता. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, वय २७. त्याच्याच संघात त्याच्यापेक्षा नावाजलेले खेळाडू होते. पण त्याच्या हातातली बॅट वेगळी होती. बाकी सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळत आणि त्या बॅटचा टक्-टक् आवाज यायचा. चेंडू किती जोरात आला, हे निम्मं डोळ्यांनी आणि निम्मं कानांनी कळायचं. सातोच्या बॅटवर जाड स्पंज होता. आवाजच नाही! मार्टी राइसमनसारखा अमेरिकेचा कसलेला खेळाडू त्याच्यापुढे गडबडला आणि हरला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या जोझेफ कोचियानला हरवलं आणि तो जगज्जेता झाला.

एकटा सातोच नाही. पुरुष दुहेरी फुजी आणि हायाशी यांनी जिंकली. महिला दुहेरी नाराहारा आणि निशिमुरा यांनी जिंकली. महिलांचा सांघिक करंडकही जपानकडे गेला. पहिल्याच खेपेला चार विजेतेपदं, आणि तीही आपल्या मुंबईत! त्याच वर्षी सिंगापूरला आशियाई स्पर्धेत मुंबईच्या गूल नासिकवाला यांनी महिला एकेरी जिंकली. १९५२ हे वर्ष आपल्यालाही अभिमानाचं आहे, हे मुलींनी लक्षात ठेवावं.

पुढे १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नुसत्या स्पंजची बॅट बंद केली. आज तुमच्या बॅटवर स्पंज असतो, पण त्याच्यावर रबर लागतंच. म्हणून आवाजही येतो. ह्या आवाजाकडे मी पुन्हा येणार आहे.

सातोनंतर आला इचिरो ओगिमुरा. लहानपणीच वडील गेलेले, आई नोकरी करून घर चालवायची. तोक्योच्या किचिजोजी भागात हिसाए उएहारा नावाच्या बाईंनी एक छोटा टेबल टेनिस हॉल उघडला होता. ओगिमुरा तिथे रात्री उशिरापर्यंत सराव करायचा. बाईंनी त्याला कधी घालवून दिलं नाही, उलट वेळेला जेवूही घातलं. १९५४ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी त्याची निवड झाली, पण जाण्याचा खर्च खेळाडूने स्वतः उभा करायचा होता. तेव्हा त्या हॉलमध्ये येणाऱ्या मंडळींनी वर्गणी जमवली. आपण गणपतीची जमवतो तशीच! आणि तो पोरगा लंडनला जाऊन जगज्जेता होऊन परत आला.

१९५६ साली तोक्योत तो पुन्हा जगज्जेता झाला. १९५५ आणि १९५७ साली त्याचाच साथीदार तोशियाकी तानाका जिंकला. म्हणजे सलग चार वर्षं पुरुष एकेरीचं विजेतेपद जपानकडेच राहिलं. ओगिमुराच्या नावावर जागतिक स्पर्धेची एकूण १२ सुवर्णपदकं आहेत. मुलीही मागे नव्हत्या. किमियो मात्सुझाकी हिने १९५९ आणि १९६३ अशी दोनदा महिला एकेरी जिंकली.

पण ओगिमुराचं मोठेपण मला पदकांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत वाटतं. १९८७ साली दिल्लीत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा तो आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. उत्तर कोरिया आणि दक्षिण कोरिया ह्या दोन देशांतून तेव्हा विस्तव जात नव्हता. ह्या माणसाने दोन्हीकडे खेटे घातले, दोघांची समजूत काढली. १९९१ साली जपानमधल्या चिबाच्या स्पर्धेत दोन्ही कोरियांचा मिळून एकच संघ उतरला आणि त्यांच्या महिलांनी चीनला हरवून सांघिक विजेतेपद मिळवलं. भांडणारी दोन राष्ट्रं एका टेबलाभोवती आली. आपल्याकडे ए विंग आणि बी विंगचं पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, तेव्हा आपल्याला टेबल मांडायचं काही सुचलं नाही. (हशा)

मग चीन पुढे निघून गेला. किती वर्षं? २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर चीनबाहेरच्या कोणालाही टेबल टेनिसचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं नव्हतं. जपानला तर पहिलं ऑलिम्पिक पदकच मिळालं २०१२ साली लंडनला. फुकुहारा, इशिकावा आणि हिरानो ह्या तीन मुलींनी सांघिक रौप्य आणलं.

आणि आला २०२१ चा जुलै. कोरोनामुळे वर्षभर लांबलेलं तोक्यो ऑलिम्पिक. आपण सगळे घरात बसून टीव्ही बघत होतो, आठवतं ना? मिश्र दुहेरीत जून मिझुतानी आणि मिमा इतो ही जोडी होती. तो ३२ वर्षांचा, ती २० वर्षांची. उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीविरुद्ध शेवटच्या गेममध्ये ते २-९ असे मागे होते. कोणीही म्हटलं असतं, गेलं बाप्पा! पण सात मॅच पॉइंट वाचवून त्यांनी तो गेम १६-१४ असा जिंकला. अंतिम फेरीत चीनच्या जोडीविरुद्ध पहिले दोन गेम हरले आणि तरी ४-३ ने सामना काढला. टेबल टेनिसमधलं जपानचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

आता खरी गंमत ऐका. हे दोघंही इवाता नावाच्या एकाच गावचे. मिझुतानीच्या आईवडिलांनी तिथे मुलांसाठी क्लब चालवला होता. मिमा लहान असताना तिथेच खेळायला यायची. म्हणजे काय? शेजारपाजारच्या पोरांसाठी कोणीतरी एक दार उघडं ठेवलं होतं.

हेच सांगायला मी उभा आहे. कारण दार बंद करणारा माणूस आज तुमच्यासमोर बोलतो आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल. हे टेबल आपण २००३ साली वर्गणी काढून घेतलं. अकरा वर्षं पोरं खेळली. मग तक्रारी सुरू झाल्या. दुपारी झोप लागत नाही, टक्-टक् आवाज येतो, पोट्टे ओरडतात. तक्रार करणाऱ्यांत मीही होतो, कारण माझी खोली हॉलच्या बरोबर वर आहे. तेव्हा मी सचिव होतो. २०१४ साली सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि हॉलला कुलूप मी माझ्या हाताने लावलं. चाबी माझ्याच घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला होती.

सी विंगमधला एक मुलगा तेव्हा आठवी-नववीत होता. रोज संध्याकाळी दार वाजवायचा. "काका, चाबी देता का जी? अर्धाच घंटा खेळतो." मी म्हणायचो, सभेचा ठराव आहे बाळा, मी काय करू? महिना-दीड महिना तो आला. मग यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

तो आता पुण्याला नोकरी करतो. ह्या दिवाळीत आला होता. स्पर्धेसाठी आपण हॉल झाडून काढत होतो, टेबलावरची धूळ पुसत होतो. तो दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, ये, खेळ. तो म्हणाला, "नको काका. त्याच्यानंतर मी बॅट धरलीच नाही." रागाने नाही म्हणाला. हसून म्हणाला. पण मला रात्री झोप आली नाही. आणि त्या रात्री हॉलमध्ये कसलाही आवाज नव्हता.

तो मुलगा चॅम्पियन झाला असता, असं मी म्हणत नाही. बहुतेक झाला नसता. किचिजोजीच्या त्या हॉलमध्ये येणारे सगळे काय ओगिमुरा झाले? दहा-वीस जण नुसते खेळले, घाम गाळून घरी गेले. पण त्याच मंडळींनी वर्गणी काढली म्हणून ओगिमुरा लंडनला पोहोचला. जो खेळला तो दुसऱ्याला खेळू देतो. ज्याला आपण हाकललं, तो उद्या सभासद झाल्यावर दुसऱ्याच्या पोराला काय करील?

पुढच्या महिन्यात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. हा हॉल गोदाम म्हणून भाड्याने द्यायचा विषय तिच्यात येणार आहे. दरमहा भाडं येईल, मेंटेनन्स थोडा कमी होईल, हे खरं आहे. त्या बाजूने बोलणाऱ्यांची अडचणही खरी आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मी त्या ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे आणि आजच सांगून ठेवतो.

नुसता विरोध नाही. माझं म्हणणं असं की हॉल रोज संध्याकाळी चार ते नऊ उघडा ठेवावा. दुपारी दोन ते चार बंद, म्हणजे झोपणाऱ्यांना झोपू द्या. मे महिन्यात मात्र दुपारीही उघडा, कारण तेव्हा पोरांनी जायचं कुठे? मुलींसाठी रोज एक तास राखून ठेवावा. उघडायची, झाडायची आणि बंद करायची जबाबदारी माझी. आवाजाची तक्रार असेल तर ती माझ्याकडे करावी. सर्वांत जास्त आवाज माझ्याच खोलीत येतो.

आपल्या अमरावतीला व्यायामाची परंपरा कोणी शिकवायला नको. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. तिथली माणसं १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आली. त्यांच्यापुढे आपला एक हॉल आणि एक टेबल म्हणजे काहीच नाही. पण पंचवीस वर्षांत आपण रस्ता केला, बोअर मारली, लिफ्ट बसवली, सौरदिवे लावले. एक दार उघडं ठेवायला काही खर्च येत नाही.

विजेत्यांचं अभिनंदन. हरलेल्यांचं जास्त अभिनंदन, कारण उद्या संध्याकाळी चार वाजता तेच आधी येतील. मी दार उघडून बसलेला असेन.