खेळातला कारखाना
(हीरक महोत्सवी पालक-माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलाच्या हाती मोबाइल दिसला की आपण सगळे खेळ एकाच तागडीत तोलतो. कोडी घालणारे आणि प्रत्यक्ष व्यवहाराची प्रतिकृती रचणारे खेळ मात्र वेगळे काढले पाहिजेत. भिलाईकरांना तर ते अवघड जाऊ नये.

ज्या सोव्हिएत देशाच्या साहाय्याने उभारलेल्या आपल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले, त्याच देशात १९८४ साली अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते बसवायचे. जुळलेली ओळ तत्क्षणी पुसली जाते, न जुळलेले साचत राहते. अंतिम विजय असा नाहीच. तरी खेळ सोडवत नाही.

विल राइट यांची कथा आणखी बोलकी आहे. बाँबफेकीचा खेळ रचताना त्यांच्या ध्यानी आले की, बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती वसवण्यातच आपल्याला अधिक रस आहे. त्यातून १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ आला. सेक्टरांत आखलेल्या नगरीत वाढलेल्याला तो परका का वाटावा?

आणि ‘फॅक्टोरिओ’ तर जणू आपल्यासाठीच. लोहखनिज खणा, भट्टी पेटवा, लोखंडाचे पत्रे करा, पाच पत्र्यांतून पोलादाचा एक. मालवाहू पट्टा तुंबला की पुढची साखळी थांबते, आणि कोठे चुकले ते डोळ्यांना दिसते. माझ्या मते आकर्षणाचे मर्म येथे आहे. कारखान्यात हयात घालवलेल्यांनाही आपल्या विभागापलीकडचे क्वचितच दिसले. मुलगा मात्र खाणीपासून पोलादापर्यंतचा पट एका दृष्टिक्षेपात पाहतो.

पण त्या पटावर धग नाही, पाळी नाही, मजूर नाही. हातचे काम यंत्राकडे सोपवणे ही तेथे निखळ प्रगती. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यामागे हजारो हातांची भाकरी होती; शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने म्हणूनच अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. खेळात खनिज संपले की नकाशावर नवा साठा शोधावा. आपल्याला राजहऱ्याचे खनिज सरू लागल्यावर रावघाटकडे वळावे लागले, आणि तेथे अरण्य आहे, वस्त्या आहेत.

हे गाळलेले भरून काढणे खेळाला जमणार नाही; ते या सभागृहात बसलेल्यांना जमेल. वेळेची मर्यादा अवश्य घाला. टेट्रिससारख्या खेळाला आतून शेवट नसतो, तो बाहेरूनच करावा लागतो. पण एखाद्या संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसा. त्याचा पट्टा कोठे तुंबला ते विचारा; आणि आजोबांच्या रात्रपाळीत पट्टा तुंबे, तेव्हा तो मोकळा करायला कोण खाली उतरत असे, तेही सांगा.