झोप म्हणजे आळस नव्हे
(परिचर्या शिकणाऱ्या मुलींच्या आईबापांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या मुली परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. पोर नर्स होणार, दहा जणांच्या उपयोगी पडणार, ह्याचा आपल्याला अभिमान आहे. असायलाच हवा. पण आज आम्ही तिच्या परीक्षेविषयी बोलणार नाही. तिच्या झोपेविषयी बोलणार आहोत.

ह्या मुलींच्या शाळा दोन. एक वर्गातली, दुसरी इस्पितळाच्या वॉर्डातली. रोग काही रात्री सुट्टी घेत नाही. म्हणून शिकणाऱ्या मुलीलाही रातपाळी येते. रात्रभर ती खाटेखाटेशी जाते. कोणाचा ताप पाहते, कोणाची नाडी मोजते, कोणाचे सलाईन संपत आले ते बघते. सकाळी नोंदी लिहून ती पाळी दुसरीच्या हाती देते. मग झोपावे, तर अभ्यास उरलेला. वसतिगृहात दिवसभर गलबला.

शिवाय दिवसाची झोप पुरी होत नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते उजेड-अंधारावर चालते. उजाडले की ते म्हणते, ऊठ! ह्या घड्याळाचे गुपित उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप हवी. ती बुडाली तर काय होते? ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी काही माणसांना जागे ठेवून त्यांच्या हाताची आणि डोळ्याची परीक्षा घेतली. १९९७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. चोवीस तास जागलेला माणूस दारू प्यालेल्या माणसासारखा चुकत होता!

आता विचार करा. औषधाच्या चिठ्ठीवर ०.५ लिहिले आहे. पेंगुळलेल्या डोळ्यांना मधले टिंब दिसले नाही, तर त्याचे ५ होतात. औषध दहापट! आपण आता अक्षरे-आकडे शिकला आहात. टिंबाचे मोल आपल्याला सांगायला नको. त्या टिंबावर कोणाचा तरी जीव असतो.

कोणी म्हणेल, "मग चहा प्यावा की!" चहा-कॉफीने झोप भागत नाही. मेंदू झोपेसाठी हाक मारतो. ती हाक चहा थोडा वेळ दाबून ठेवतो, इतकेच. पहाटे घेतलेल्या चहाचा अंमल काही तास राहतो. मग सकाळी अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही.

तर काय करावे? रातपाळीनंतर लगेच वर्गाचे तास ठेवू नयेत. नर्सा कमी आहेत म्हणून शिकणाऱ्या मुलींवर जास्तीच्या पाळ्या लादू नयेत. हे संस्थाचालकांनी पाहावे. आम्हीही त्यांना सांगत राहू. पण एक गोष्ट तुमच्या हातची आहे.

रातपाळी करून पोर घरी येते. शेजारीण म्हणते, "अगं बाई, ऊन डोक्यावर आले तरी ही लोळतेच आहे!" आई लाजते आणि पोरीला पाणी भरायला उठवते. असे करू नका. "माझी लेक रात्रभर जागून आली आहे," असे ताठ मानेने सांगा. खिडकीला जाड चादर बांधा. टीव्ही बंद ठेवा. तिचा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. धाकट्यांना अंगणात धाडा. तिच्या वाटणीचे पाणी त्या दिवशी भावाने भरावे.

रोग्याला पहिल्या झोपेतून उठवू नये, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० च्या सुमारास आपल्या पुस्तकात बजावले. आपली पोर तीच रीत शिकते आहे. ती परक्याची झोप जपते. तिची झोप आपण जपू या.