रबराचा पीळ
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला सोसायटीच्या हिशेबावर चार शब्द बोलायला सांगितलं होतं. जन्म बँकेत गेला, तेव्हा दुसरी अपेक्षा तरी काय करणार! पण आज मी विमानावर बोलणार आहे. गेले तीन महिने दर रविवारी आठ-दहा मुलं हॉलमध्ये माझ्याबरोबर बाल्साची विमानं बनवतात, आणि जिन्यात मला विचारणा होते, "काका, याचे मार्क मिळतात का?" नाही मिळत.

मी हे शिकलो बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून. तो मुंबईला कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात होता; तिथे मॉडेल बनवणं हा शिक्षणाचाच भाग.

किटच्या डब्यात असतं काय? एक नकाशा, बाल्साच्या पट्ट्या, टिश्यू पेपर, प्लॅस्टिकचा पंखा, तारेचा आकडा आणि रबराचं वेटोळं. बाल्सा मुख्यतः इक्वाडोरहून येतं. वजन सागाच्या साधारण पाव. नख दाबलं तरी खड्डा पडतो. नकाशा लाकडी फळीवर पसरायचा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद (नाहीतर सगळं नकाशालाच चिकटतं), पट्ट्या टाचण्यांनी धरायच्या आणि बरगड्या एकेक करून चिकटवायच्या. मग रात्रभर हात लावायचा नाही. मुलांना हेच सर्वांत अवघड जातं. पंखावर कागद चढवला की पाण्याचा बारीक फवारा. वाळताना तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. तेव्हाही पंख फळीलाच टाचलेला हवा, नाहीतर मुरगळतो.

मग तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर, खालून दोन बोटं लावून विमान तोलायचं. आधी पीळ न देता नुसतं हातातून सोडायचं. डोकं वर काढून थबकलं तर नाक हलकं, सरळ खाली गेलं तर जड. नाकाला चिमूटभर माती लावायची किंवा काढायची. सगळं जमलं की मग रबराला ग्लिसरीन लावून पीळ द्यायचा. आधी पन्नास वेढे, मग शंभर.

दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एका मुलीने एकच पंख चार वेळा जोडला. वर्गात ती तोंड उघडत नाही म्हणे. परवा तिने मोठ्या मुलाला सुनावलं, "दादा, नाक जड झालंय तुझं." आणि झालंच होतं!

याला खेळणं म्हणा, हरकत नाही. १८७१ साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावरचं विमान सुमारे ११ सेकंद, ४० मीटर उडवलं. १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी त्यांना आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच पद्धतीचं, रबरावर चालणारं. १९०३ मध्ये या भावांचं पहिलं उड्डाण झालं ते १२ सेकंदांचं, ३६ मीटरचं.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या; २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे आपली मुलं काय फक्त सहलीलाच जायची?

आता मुद्द्याचं. येत्या सर्वसाधारण सभेत मधल्या मोकळ्या जागेवर पार्किंगची शेड घालण्याचा ठराव आहे. गाडी माझ्याकडेही आहे, ऊन मलाही लागतं. पण ती जागा मी पावलांनी मोजली, सत्तर पावलं भरते. पेनोचं विमान तिथे मावतं. शेड मागच्या भिंतीलगत एका ओळीत घातली तर गाड्या थोड्या दाटीने लागतील, पण लागतील. तसा दुरुस्तीचा अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.

तोवर रविवारी सकाळी साडेसहाला, वारा सुटायच्या आत, खाली या. टाचण्या घरून आणा, माझ्या संपल्या आहेत.