तलवारीची चमक आणि मनगटाचे बळ



वसंत व्याख्यानमालेत चित्रपटाचा विषय काढला, म्हणून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु ज्या करमणुकीतून आमची मुले इतिहास शिकतात, तिची पारख नागरिकांनी करावयाची नाही, तर कोणी?

ओम राऊत यांचा 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट १० जानेवारी २०२० रोजी पडद्यावर आला. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर झालेला रणसंग्राम हा त्याचा विषय.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. दिग्दर्शकाची दृष्टी चित्रकाराची आहे. काळीकभिन्न रात्र, पेटते पलिते, सुटलेला उभा कडा आणि त्यावर दोराने चढणारे मावळे हे सारे तो रंगरेषांनी असे मांडतो की प्रेक्षकाच्या छातीत धडकी भरावी. कोणी म्हणेल, ही अतिशयोक्ती आहे. असेना! शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपड कडा चढून जाते, तेथे आपण हिशेब मागत नाही. रंग भरणे हा कलावंताचा अधिकारच आहे.

मग उणे कोठे आहे? पहिले उणे शरीराचे. नांदेडकरांना हे समजावून सांगावयास नको. सचखंड श्री हुजूर साहिबच्या हल्लाबोल मिरवणुकीत आपण गतका पाहतो. खेळणाऱ्याचा पाय आधी जमिनीवर ठरतो, मग हात फिरतो. त्याला धाप लागते, घाम फुटतो. लातूर जिल्ह्याने रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला. त्या भागातील तालमीत डाव पाहणाऱ्यालाही बळ कसे कमवावे लागते हे ठाऊक आहे. पडद्यावर मात्र संगणकाच्या करामतीने देहाचे वजनच नाहीसे होते. वार दिसतो, पण त्यामागची मेहनत दिसत नाही.

दुसरे उणे अधिक मोठे आहे. उदेभान हा मोगलांचा राजपूत किल्लेदार. तो लढता लढता पडला. चित्रपटाने त्याला काळ्या वेषातला क्रूर, विक्षिप्त राक्षस केले. सैफ अली खान यांचा अभिनय चित्तवेधक आहे, यात शंका नाही. परंतु विकृत माणसाला मारण्यात शौर्य ते किती? शत्रू शूर आणि स्वामिनिष्ठ होता, म्हणूनच त्याच्याशी झुंजून देह ठेवणाऱ्या तानाजीरावांची थोरवी. शत्रूला हिणवले की आपलाच वीर उणा होतो, आणि पाहणाऱ्या पोराच्या मनात पराक्रमाऐवजी नुसता द्वेष उरतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा, पण घरी आल्यावर त्यांच्याशी चार शब्द बोलावेत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना तालमीत धाडावे. डोळे दिपले तर दिपू द्यावेत. मनगट मात्र ज्याचे त्यानेच कमवावे लागते.