मरगळलेला कोंबडा

सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात परसातला कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, की आधी त्याला सावलीत न्या. कोंबड्याला घाम येत नाही. धापेनंच त्याचं अंग निवतं. गार पाणी पुढ्यात ठेवा, चोचीत ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. खायला ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या.

मात्र मान पिळवटली, हिरवट पातळ विष्ठा पडू लागली, तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय घ्या. हा विषाणूचा रोग. झाल्यावर औषध नाही, हळद-लसूणही नाही. कोंबडा वेगळा डाला, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लस निरोगी पक्ष्यांना द्यायची: वयाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्याच्या सुमारास आर-टू-बी. आजारी कोंबडा घाईनं बाजारात खपवणं सर्रास चालतं; रोग गावोगाव पोचतो तो असाच.